वाफसा आल्याशिवाय पेरणी नको

२०१७ च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा नेहमीप्रमाणे मार्चमध्ये सुरू झाल्या. त्या वर्षी सगळ्या शाखांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायच्या, असे ठरले होते. परीक्षा ४७७ आणि उत्तरपत्रिका सुमारे १७ लाख. मुले पेपर लिहायला बसली तेव्हा या उत्तरपत्रिका स्कॅन कोण करणार आणि कोणत्या प्रणालीवर तपासल्या जाणार, याचे कंत्राटच दिलेले नव्हते. ते एप्रिलच्या अखेरीस दिले गेले. कायद्याप्रमाणे निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लागायला हवेत. जुलै उजाडला तरी ढीग हलला नव्हता. कुलपती चे. विद्यासागर राव यांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही टळली. तास बंद ठेवून प्राध्यापकांना तपासणीला बसवावे लागले. निकाल लागता लागता सप्टेंबर आला. परदेशी प्रवेश मिळालेली, नोकरीची पत्रे हातात असलेली मुले गुणपत्रिकेची वाट पाहत राहिली. २४ ऑक्टोबरला कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. १८५७ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात असे आधी कधी घडले नव्हते.

त्या महिन्यांत बोलणे चालले ते सर्व्हरविषयी. लॉगिन होत नाही, पान अंधूक दिसते, भलत्याच विषयाची उत्तरपत्रिका उघडते. या तक्रारी खऱ्या होत्या. पण गेली वीसेक वर्षे सॉफ्टवेअरच्या धंद्यात काढल्यावर मला त्या घटनेत दिसतो तो मार्चच्या आधीचा काळ. प्रकल्प जुलैत बुडाला नाही. कोणीतरी ‘यंदापासून सगळेच ऑनलाइन’ असे ठरवले आणि त्या बैठकीत साधा गुणाकार झाला नाही, तिथेच तो बुडाला होता.

तो गुणाकार असा. एका उत्तरपत्रिकेची ३० पाने धरली, तर १७ लाख उत्तरपत्रिकांची ५ कोटींहून अधिक पाने होतात. ती ४५ दिवसांत स्कॅन करायची तर रोज ११ लाखांहून जास्त पाने यंत्रांखालून जायला हवीत. आणि हे तपासणीला एकही दिवस न ठेवता. त्यापुढचे प्रश्नही असेच घरगुती होते. केंद्रांवरून गठ्ठे कलिन्याच्या विद्यापीठ संकुलात कोण आणणार, त्यांची नोंद कुठे होणार, प्राध्यापकाला तपासायला संगणक कोणत्या प्रयोगशाळेत मिळणार, कागदावर दिवसाला अमुक उत्तरपत्रिका तपासणारा माणूस पडद्यावर किती तपासू शकतो. यातल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तर विद्यापीठाच्या घरातच होते, कारण अभियांत्रिकीच्या उत्तरपत्रिका आधीपासून पडद्यावर तपासल्या जात होत्या. त्या प्राध्यापकांना बोलावून आठवडाभर बसवले असते, तर वाणिज्य शाखेचा डोंगर पहिल्याच वर्षी याच वाटेने न्यावा की नाही, याचा निर्णय वेगळा झाला असता. एखादी शाखा त्या वर्षी नव्या पद्धतीने आणि बाकीच्यांच्या उत्तरपत्रिका जुन्या कॅप सेंटरांत, म्हणजे एकत्र बसून कागदावर तपासायच्या केंद्रांत, इतका साधा पर्याय उपलब्ध होता.

विदर्भातला असो की मराठवाड्यातला, जाणता शेतकरी पहिला पाऊस पडला म्हणून लगेच तिफण जुंपत नाही. तो माती मुठीत घेऊन पाहतो. चिखल आहे का, ढेकूळ फुटते का, ओल किती खोल गेली आहे. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला की पेरतो. पंचांगातले नक्षत्र त्यालाही ठाऊक असते, पण नक्षत्रापेक्षा त्याचा विश्वास मुठीतल्या मातीवर जास्त असतो. आपले सरकारी आणि निमसरकारी संगणकीकरण याच्या उलट चालते. तारीख आधी जाहीर होते आणि मातीला हात लागतो तो बी वाया गेल्यावर.

हे मी दुरून बोलत नाही. २०११ च्या सुमारास सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेचे काम आमच्या छोट्या कंपनीकडे आले. चौदा शाखा, हजारो सभासद आणि पिग्मीचा, म्हणजे एजंटांनी रोज गोळा करायच्या छोट्या ठेवींचा, मोठा व्यवहार. अध्यक्षांनी दसऱ्याचा मुहूर्त धरला होता आणि पाहुण्यांना निमंत्रणेही गेली होती. आमच्या बैठका झाल्या त्या अध्यक्षांच्या आणि व्यवस्थापकांच्या दालनात. प्रत्येक बैठकीची टिपणे मी लिहिली, त्यांवर सह्या घेतल्या आणि काम पक्के झाले असे मानले. दसऱ्याला नारळ फुटला. तिसऱ्या दिवशी मुख्य शाखेतल्या रोखपाल बाईंनी मला काउंटरच्या आत बोलावले आणि एक वही दाखवली. पिग्मी एजंट संध्याकाळी पैसे आणून देतात, पण पावत्यांची बेरीज आणि रोकड रोज जुळतेच असे नाही. फरकाची रक्कम त्या अनामत खात्यात टाकत, वहीत नाव लिहीत आणि दोन-तीन दिवसांत एजंट येऊन ती जुळवून जाई. ही पद्धत वर्षानुवर्षे चालली होती, लेखापरीक्षकांना माहीत होती आणि तिच्यामुळेच संस्थेचा दिवस बंद होत असे. आमच्या प्रणालीत बेरीज जुळल्याशिवाय दिवस बंद होण्याची सोयच नव्हती. त्या आठवड्यात बाई आणि त्यांचे दोन सहकारी रात्री दहापर्यंत बसत होते.

त्या मला एकच वाक्य म्हणाल्या, ‘‘साहेब, तुम्ही दोन महिने येत होता, इकडं एकदाबी आला न्हाईत.’’ दालनापासून काउंटर वीस पावलांवर होते. ती वीस पावले न चालण्याची किंमत संस्थेने पुढचे सात महिने मोजली, कारण तेवढा काळ वही आणि संगणक दोन्ही सांभाळावे लागले. चूक आमच्या कोडमध्ये नव्हती. सांगितले तसेच कोड लिहिले होते, पण ज्यांना विचारायचे त्यांना विचारण्याचे दिवस आराखड्यात कोणी धरलेच नव्हते.

हे दिवस का धरले जात नाहीत, याचे कारण माणसांच्या आळसात शोधणे मला पटत नाही. कारण पैशाच्या वाटेत आहे. सार्वजनिक बांधकाम खात्याचा पूल घ्या. आधी प्रशासकीय मान्यता, मग अंदाजपत्रकासह तांत्रिक मान्यता, मग निविदा. पायाच्या जागी भोके पाडून खाली खडक किती खोल आहे ते पाहतात आणि त्या भोकांचा खर्च हा कामाचाच खर्च मानला जातो. संगणक प्रकल्पात खडक म्हणजे माणसांचे रोजचे काम आणि जुन्या नोंदींची अवस्था. तिथे भोके पाडायला मात्र वेगळे लेखाशीर्ष नसते. यंत्रे घ्यायला पैसे असतात, परवाने घ्यायला असतात, कंत्राटदाराला द्यायला असतात. तीन माणसे चार महिने तालुक्या-तालुक्यांत बसून पाहतील, यासाठी पैसे मागितले तर ‘यातून दिसणार काय?’ असा प्रश्न येतो. त्यात मार्चअखेर आली की निधी परत जाण्याची धास्ती. मग निविदेचा मसुदा मागच्या कोणत्यातरी निविदेवरून उतरवला जातो, सर्वांत कमी दराची बोली स्वीकारली जाते, आणि अभ्यासाचे काम त्या कमी दरात बसवायची जबाबदारी कंत्राटदारावर येते. तो ते टाळतो. मीही काही वेळा टाळले आहे, कारण दर भरताना ते दिवस धरले असते तर काम मिळालेच नसते.

यावर उपाय आहे आणि तो आपल्याच राज्यात एकदा होऊन गेला आहे. दोन कर्जमाफ्या शेजारी ठेवून पाहाव्यात असे मला नेहमी वाटते. मी येथे पक्षांविषयी बोलत नाही. मला रस आहे तो काम कसे मांडले गेले यात.

२४ जून २०१७ रोजी राज्य सरकारने ३४,०२२ कोटी रुपयांच्या कर्जमाफीची घोषणा केली आणि ८९ लाख शेतकऱ्यांना लाभ होईल असे सांगितले. दीड लाखाची मर्यादा व्यक्तीला नव्हे तर कुटुंबाला होती. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अठरा वर्षांखालील मुले. लाभासाठी शेतकऱ्याने स्वतः ऑनलाइन अर्ज करायचा, आधार क्रमांक द्यायचा. हेतू समजण्यासारखा होता, कारण आधीच्या माफ्यांत अपात्रांनी पैसे लाटल्याचे आरोप झाले होते. पण या एका नियमाने संगणकापुढे काय काम वाढून ठेवले ते पाहा. शेतकऱ्याचा अर्ज, बँकेतले त्याचे खाते, जिल्हा बँकेमागच्या विकास सोसायटीतले त्याचे कर्ज, पत्नीच्या नावावरचे वेगळे कर्ज, या सगळ्यांची सांगड आधी घालायची आणि मग माफीची रक्कम काढायची. बँकांच्या नोंदींत कुटुंब नावाची गोष्टच नसते. त्या खाते ओळखतात. १८ ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर, समारंभात प्रमाणपत्रे दिली गेली, आणि लगेच याद्यांतल्या चुका उघड्या पडल्या. पुढे कित्येक महिने शेतकरी सेवा केंद्र, सोसायटी आणि बँक यांच्यात फेऱ्या मारत राहिले.

डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने दुसरी योजना आली. मर्यादा दोन लाखांची, आणि शेतकऱ्याने अर्ज करायचाच नाही. थकीत खात्यांच्या याद्या बँकांनी भरायच्या. त्या गावात लावायच्या, शेतकऱ्याने आधार घेऊन जायचे, पडद्यावरची रक्कम आपल्या हिशेबाशी जुळते का ते पाहायचे आणि अंगठा द्यायचा. जुळत नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे जायचे. २४ फेब्रुवारी २०२० रोजी पहिली यादी लागली ती अवघ्या ६८ गावांची. प्रत्येक जिल्ह्यातून दोन गावे, एकूण १५,३५८ शेतकरी. त्या गावांत काय अडते ते पाहून मग राज्यभरच्या याद्या सुटल्या.

दोन लाखांच्या वर थकबाकी असलेले यातून बाहेर राहिले, तो वाद धोरणाचा आहे आणि रास्त आहे. मला दाखवायचे आहे ते निराळे. दुसऱ्या वेळी नियम लिहिणारे आणि प्रणाली बांधणारे एका टेबलाशी बसले असावेत, असे त्या रचनेवरून वाटते. बँकेकडे जी माहिती आहे तिच्यावरच नियम उभा केला. जी चूक व्हायची ती आधी ६८ गावांत होऊ दिली. शेतकऱ्याला डोळ्यांनी रक्कम पाहण्याची जागा दिली आणि तक्रारीची वाट पहिल्या दिवसापासून उघडी ठेवली. पहिल्या योजनेचे चटके खाल्ल्यावर हे शहाणपण आले, हेही खरे. पण चटक्यांची किंमत शेतकऱ्याने मोजली होती, आणि त्यातून शिकलेले प्रत्येक खात्याला नव्याने शिकावे लागू नये एवढी तरी व्यवस्था करता येते.

सातबाऱ्याची गोष्ट याहून लांबलचक आहे, पण तिच्यातला एक टप्पा सांगायलाच हवा. भूमिअभिलेखांचे संगणकीकरण केंद्राच्या पैशाने १९८८-८९ मध्ये सुरू झाले. महाराष्ट्रात सुमारे अडीच कोटी सातबारे. गाव नमुना सातमध्ये हक्क, बारामध्ये पिके, सगळे हाताने लिहिलेले. अक्षर लागत नाही, एका गटाचे क्षेत्र फेरफारात वेगळे आणि उताऱ्यावर वेगळे, वारसाचे नाव अर्धवट. हे जसेच्या तसे टंकलेखन करून घेतले की संगणकात चुका आणखी घट्ट होतात, कारण लोक छापील कागदावर हस्तलिखितापेक्षा जास्त विश्वास ठेवतात. म्हणून २०१७ च्या सुमारास चावडी वाचनाची मोहीम निघाली. तलाठ्याने संगणकातला सातबारा गावासमोर वाचून दाखवायचा आणि खातेदारांनी चुका सांगायच्या. मग मूळ हस्तलिखिताशी ताडून दुरुस्ती करायची. महसुलात चावडी वाचन जुनेच आहे. नव्या प्रणालीच्या चाचणीसाठी ते वापरावे, हे ज्यांना सुचले त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांच्या हाती आला, तो या वाचनामुळे. आज पंधरा रुपयांत घरबसल्या उतारा निघतो. तरीही जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखन-प्रमादाच्या दुरुस्त्या चालूच आहेत. इतक्या जुन्या नोंदींत त्या चालूच राहणार, आणि ते आराखड्यात धरलेले असणे हेच मला महत्त्वाचे वाटते.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. सरकारात तीस वर्षे काढलेले एक निवृत्त अधिकारी मला म्हणाले होते की, तारीख नसली तर फाइल हलत नाही. मंत्र्यांनी व्यासपीठावरून तारीख सांगितली म्हणूनच खाती जागी होतात. अभ्यास करू म्हटले की अभ्यासच चालू राहतो. हा त्यांचा अनुभव आहे आणि मी तो खोडून काढणार नाही. सातबाऱ्यालाच तीस वर्षे लागली, हेही त्यांच्या बाजूने बोलते. पण तारीख कशाची, हे ठरवता येते. ६८ गावांची यादी अमुक दिवशी लागेल, हीसुद्धा तारीखच आहे. ती जाहीर करता येते, ती पाळता येते, आणि ती चुकली तर १५ हजार माणसांना त्रास होतो, लाखोंना नाही.

शिवाय थांबा म्हणण्याचा अधिकार कोणाकडे तरी असायला हवा. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१३ रोजी आरोग्य विम्याचे हेल्थकेअर डॉट गव्ह हे संकेतस्थळ ३६ राज्यांसाठी उघडले आणि पहिल्या दिवशी विम्याची निवड पूर्ण करू शकले ते सहा जण. त्याच वर्षीच्या वसंतात एका सल्लागार कंपनीने सरकारला लेखी कळवले होते की गरजा अजून बदलत आहेत आणि पूर्ण चाचणीला वेळ उरलेला नाही. पैसा भरपूर होता, तज्ज्ञ होते, इशाराही होता. तो वाचून तारीख पुढे ढकलेल असे मात्र कोणी नव्हते, कारण तारीख राजकीय शब्दाशी बांधलेली होती. आपल्याकडे तर असा इशारा लिहून देण्याची जागाच नसते. विद्यापीठाचा परीक्षा विभाग असो की जिल्हा परिषद, ‘अजून तयारी झालेली नाही’ असे लिहिणारा कर्मचारी अडथळा आणणारा ठरतो. कंत्राटदाराचा माणूस ते लिहीत नाही, कारण त्याचे देयक अडकते.

म्हणून माझी मागणी एकाच कागदाची आहे. जनतेच्या पैशाने उभ्या राहणाऱ्या प्रत्येक संगणक प्रकल्पासाठी, निविदा निघण्याआधी, सहा-सात पानांचे आरंभपत्र मराठीत जाहीर झाले पाहिजे. त्यात हे काम आज कसे चालते आणि ते करणाऱ्या कोणाकोणाशी किती दिवस बोलणे झाले, ते असावे. जुन्या नोंदींतल्या काही शे नोंदी प्रत्यक्ष तपासून त्यात किती चुका सापडल्या, ते असावे. साधा गुणाकार असावा: माणसे किती, नोंदी किती, दिवस किती. पहिली ६८ गावे कोणती, ते असावे. नवी प्रणाली अडली तर जुनी पद्धत किती दिवस जिवंत ठेवायची आणि तिला लागणारे हात कुठून येणार, तेही लिहिलेले असावे. आणि थांबण्याचा निर्णय कोण घेईल त्या पदाचे नाव. या कागदासाठी लागणारा खर्च प्रकल्पाच्या खर्चाचाच भाग मानावा, जसा पायाच्या भोकांचा मानतात.

ही कल्पना परकी नाही. शहराची विकास योजना होते तेव्हा प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून हरकती आणि सूचना मागवण्याची पद्धत आपल्या नगररचना कायद्यात १९६६ पासून आहे. आपल्या घरावरून रस्ता जाणार असेल तर माणूस नकाशा पाहून हरकत घेतो, सुनावणीला जातो. रोजच्या कामावरून, रेशनवरून, पेन्शनवरून, पीक विम्यावरून एक प्रणाली जाणार असेल, तर तिचा आराखडा निविदा निघेपर्यंत कोणाला दिसू नये, याला माझ्या मते काहीही समर्थन नाही. सुरक्षेचे तपशील झाकून ठेवता येतात. काम कसे चालणार, हे झाकण्याची गरज नसते.

अशी हरकत कशी असेल याचा अंदाज करणे कठीण नाही, कारण ती लोकांनी नंतर, वेगळ्या मार्गाने नोंदवली आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल फोन परत केले. बालकांची वजने, उंची, आहार यांच्या नोंदी केंद्राच्या पोषण ट्रॅकर ॲपवर भरायच्या होत्या. फोनची साठवण आणि क्षमता कमी, ते तापत, बंद पडत. दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या माथी येई. ॲप इंग्रजीत होते आणि ज्यांनी ते भरायचे त्यातल्या अनेकींचे सगळे शिक्षण मराठीत झालेले. तालुक्याच्या कार्यालयांपुढे रांगा लावून त्यांनी फोन टेबलावर ठेवले. ॲप देशभर पाठवण्याआधी त्याचा आराखडा मेळघाटात, पेठमध्ये, अक्कलकुव्यात एखाद्या अंगणवाडीच्या भिंतीवर पंधरा दिवस लावला असता, तर खाली हरकतीच्या चार ओळी आल्या असत्या. फोनमध्ये जागा नाही. इथे रेंज येत नाही. मराठीत द्या. दुपारी बाळांना जेवू घालण्याची वेळ असते, तेव्हा नोंद मागू नका.